मलव्याचं बूड

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी कोन्योकोन्योच्या बाजारात जाते.
गळ्यात आकडेखात्याचं ओळखपत्र,
पिशवीत फॉर्म, पेन्सिल, खोडरबर
आणि एक लटकता काटा, जो कुणालाच आवडत नाही.

जुबाच्या या बाजारात मला सगळ्याजणी ओळखतात.
"आली बघा विचारणारी," म्हणतात,
"विचारते सगळं, घेत नाही काही."
टोमॅटोचा वाटा कितीला?
मागच्या महिन्याइतकाच.
पण तेव्हा वाट्यात पाच होते, आज चार,
त्यातला एक मऊ.
वाळक्या भेंडीची पूड. कोळशाचं पोतं.
साबणाची वडी आता अर्धी कापून विकतात.
अर्धीचं काय करायचं
ते नियमावलीत आहे, पान एकेचाळीस.

यादी जुनी आहे,
नवा झेंडा चढला त्या सुमाराची.
तेव्हा कुणीतरी घरोघर फिरून विचारलं होतं
काय खाता, काय नेसता, पैसा कशावर जातो,
आणि लोकांनी हौसेने सांगितलं होतं:
स्टुडिओतला फोटो. पाहुण्यांसाठी बिस्किटं.
खार्टूमचं अत्तर.
अजूनही मी दर महिन्याला अत्तर शोधते
आणि चौकटीत लिहिते, उपलब्ध नाही.
मग ओयाई साहेब मागचा भाव पुढे ओढतात.
आमच्या कागदावर
ते अत्तर अजून दरवळतं,
स्थिर किमतीला.

जोकुडू ज्वारी विकते.
मलवा म्हणजे तेलाच्या पिंपातून कापलेला डबा,
साडेतीन किलोचा, असं सगळेच धरून चालतात.
मार्चमध्ये जो भाव, तोच एप्रिलमध्ये.
मेमध्ये तोच.
साहेब खूश : "बघ, ज्वारी थांबली एकदाची."
रेडिओवरची बाई म्हणाली, महागाईचा वेग मंदावला.
चहावालीने आवाज मोठा केला,
आणि साखर अर्धा चमचा घातली.

जूनमध्ये मी जोकुडूचा डबा उलटा केला.
बूड आत ठोकलेलं.
हातोडीचे ठसे एकावर एक,
काही गंजलेले, काही अजून चकचकीत.
तिने डबा माझ्या हातातून घेतला नाही.
म्हणाली,
"भाव सांगितला की गिऱ्हाईक उठून जातं.
बूड ठोकलं की बसतं.
घरी जाऊन काय होतं ते मला दिसत नाही.
तुला तरी कुठे दिसतं?"

मी काटा काढला. दोन किलो सातशे.
पलीकडच्या दोघींनी आपापले डबे
लुगड्याखाली सरकवले.
याला मापात पाप म्हणावं
तर ते लिहायचं कुणाच्या नावावर?
जोकुडूच्या, तिच्या पाच पोरांच्या,
की त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून
डॉलर विकणाऱ्या पोराच्या?
मी फॉर्मच्या पाठीमागे भागाकार केला.
तीन महिने न हललेला भाव
जवळजवळ तीस टक्के चढलेला होता.

कचेरीत वीज नव्हती.
साहेबांनी आकडा पाहिला, बंद पंखा पाहिला.
भावाला रकाना आहे, पोच्याला नाही.
एप्रिल खोटा की मे?
ठसे मोजून महिना कळत नाही.
आमचा पगार पाच महिने थकलाय,
त्याला मात्र मागचा पुढे ओढता येत नाही
हे दोघांनाही एकाच वेळी आठवलं असावं,
कारण साहेब हसले, आणि खोकले.
मग पट्टी घेऊन समासात एक रेघ मारली.
वर लिहिलं, "वजन, प्रत्यक्ष."
"सगळ्यांचे डबे उलटे कर," म्हणाले,
"आणि शिव्या खा."

संध्याकाळी ओळखपत्र पिशवीत टाकून
मी पुन्हा जोकुडूसमोर उभी राहिले.
एक मलवा, घरासाठी.
तिने भाव सांगितला, मी नोटा मोजल्या,
काटा दोघींनीही काढला नाही.
डबा माझ्या पिशवीत रिकामा केल्यावर
तिने आणखी एक ओंजळ वर टाकली,
माझ्याकडे न बघता.

ती ओंजळ मी कुठल्याच रकान्यात लिहिलेली नाही.